अंतर्वर्तुळात सासरेबुवा

जावयाच्या घरातली कोपऱ्याची खोली त्रिकोणी होती. इमारत दोन रस्ते फुटतात तिथेच उभी असल्यामुळे बिल्डरनं उरलेलं टोक खोली म्हणून विकलं होतं. तिथे ना पलंग मावे, ना कपाट. शेवटी बायको म्हणाली, "एक गोल टेबल करून घेऊ. जेवढं मोठं मावेल तेवढं."

"केवढा गोल?" सुतारानं विचारलं.

अंदाजानं हात पसरून दाखवले असते तरी भागलं असतं. पण त्याच आठवड्यात सासरे येणार होते, आणि हे सासरे म्हणजे शाळेतले भूमितीचे सर. नववीत जावयानं काढलेलं वर्तुळ वर धरून त्यांनी अख्ख्या वर्गाला विचारलं होतं, "हा बटाटा कोणाचा?" पुढे जावयानं त्यांच्याच मुलीशी लग्न केलं, तरी सरांसमोर त्याच्या तळहातांना अजून घाम फुटायचा.

म्हणून त्यानं टेपला हात न लावता खडू आणि सुतळी घेतली आणि फरशीवर गुडघे टेकले. दोन कोपरे दुभागले. दुभाजक एका बिंदूत भेटले. खात्रीसाठी तिसरा काढला, तर तो त्या बिंदूला ओळखही न दाखवता बाजूनं निघून गेला. त्यानं फरशी पुसली. पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं.

"अहो, लग्न झाल्यापासून एवढी फरशी कधी पुसली नव्हती तुम्ही!" बायको दारातून म्हणाली.

शेवटी एकदाचे तिन्ही दुभाजक एकत्र आले. त्यानं भिंतीवर लंब टाकला, तेवढी सुतळी धरून खडू फिरवला, आणि रेघ तिन्ही भिंतींना अलगद टेकून परत आली. जावयाला रडू यायचंच बाकी राहिलं.

"साहेब, थोडी फट ठेवू या का?" सुतारानं विचारलं.

"केसभरही नाही!"

सुतारानं टेबलाचे पाय खोलीत उभे केले, गोल फळी भिंतीला टेकवून ठेवली आणि "उद्या येऊन बसवतो" म्हणून गेला. त्याच्या आधी सर आले. बायको दूध गॅसवर ठेवून भाजी आणायला निघाली. "बारीक केलंय, पण लक्ष ठेवा," असं तिनं बजावलं. जावयानं मागून बाहेरच्या दाराला आतून कडी घातली. परीक्षेत मध्येच कोणी यायला नको होतं.

"बसवा बघू," सर म्हणाले.

फळी आडवी होईना. खोलीचं उघडं दार मध्ये येत होतं. जावयानं ते लावून घेतलं. एका कोपऱ्यातून त्यानं, दुसऱ्यातून सरांनी फळी खाली दाबली. 'टक्' असा आवाज होऊन ती बसली.

सरांनी चष्मा सारखा केला. एका भिंतीशी नख फिरवून ते पुटपुटले, "स्पर्श." दुसऱ्या भिंतीशी, "स्पर्श." तिसऱ्या ठिकाणी वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"चुकलं का, सर?"

"नाही. अचूक आहे. फक्त हा स्पर्शबिंदू दारावर आलाय. दार आत उघडतं ना?"

जावयानं वाकून दाराची मूठ ओढून पाहिली. त्यानं फळी ओढली, खालून खांद्यानं ढकलली. ती हलायला तयार नव्हती. दोन कोपऱ्यांत दोघं, मध्ये टेबल. तेवढ्यात बेल वाजली.

"अहो, कडी काढा! करपल्याचा वास येतोय!"

"येतो!" जावई सवयीनं ओरडला.

"कसे?" सरांनी शांतपणे विचारलं.

जावयानं खिडकीतून हाका मारल्या. बायको खाली रस्त्यावर आली, वर बघितलं, आणि कपाळावर हात मारून सुताराला फोन लावला. दुधाचा वास दाराखालून आत येत होता.

सुतार शिडी लावून खिडकीतून आत आला. त्यानं टेबलाभोवती नजर फिरवली आणि करवत फळीच्या कडेवर ठेवली.

"खबरदार!" सर गरजले. "त्या वर्तुळाला हात लावाल तर! दार कापा!"

"अहो, सागवानी दार आहे!" सुतार म्हणाला.

"वर्तुळ अचूक आहे. दार चुकीच्या जागी आहे."

दाराचा खालचा अर्धा भाग गेला. जावई रांगत बाहेर पडला, त्यानं धावत जाऊन गॅस बंद केला आणि कडी काढली. बायकोनं काळं ठिक्कर पडलेलं पातेलं पाहिलं, अर्धं दार पाहिलं आणि त्याखालून रांगत येणारे वडीलही पाहिले.

"बाबा, लागलं नाही ना कुठे?"

सरांनी गुडघे झटकले आणि जावयाच्या पाठीवर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा.

"दोन दिवसांसाठी आलो होतो," ते भरल्या आवाजात म्हणाले. "पण इतका गुणी विद्यार्थी सोडून जाववत नाही. महिनाभर तरी राहतो. उद्या सकाळी परिवर्तुळ काढू."

"परिवर्तुळ म्हणजे..."

"त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांतून जाणारं. अर्थात, बाहेरून," असं म्हणत सर स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघू लागले.

सुतारानं हळूच विचारलं, "साहेब, मी जाऊ की थांबू?"