दोन दारांचं फडताळ

आमच्या शेजारच्या गणूतात्या सुताराच्या फडताळाला दोन दारं होती. एक स्वयंपाकघरात उघडायचं, दुसरं थेट रस्त्यावर. आतल्या बाजूला बायकोची लोणची, बाहेरच्या बाजूला परक्यांच्या अस्थी. मधे सागाची एक फळी.

हे प्लेगच्या सालातलं. कर्जत स्टेशनापलीकडच्या झोपड्यांत गाडीतून उतरवलेली प्लेगच्या संशयाची माणसं ठेवत, आणि त्यांतली बरीच तिथेच संपत. अस्थी घरात आणायच्या नाहीत, म्हणून मडकी चिंचेला टांगलेली. नातेवाईक पोचेपर्यंत त्यांतली निम्मी मडकी माकडं फोडायची. तात्याला ते बघवेना. एका दुपारी त्याने लोणच्याचं फडताळ रिकामं केलं, मागची भिंत फोडली, मधे फळी ठोकली आणि पलीकडून दार बसवलं.

भटजी भांडायला आले. तात्या शांतपणे म्हणाला, "भिंत घरात का घराभायेर, तेवढं सांगा." भटजींनी दोन दिवस पोथ्या चाळल्या आणि मग त्या रस्त्याने येणंच सोडलं.

तात्याला अक्षरओळख नव्हती. मडक्यांवर खडूने नावं मी लिहायचो, मास्तर म्हणून. तो रंधा मारता मारता मडक्यांशी बोलायचा, "तुजा भाऊ उद्याच्या गाडीनं येईल रं. दम धर." ह्याचं डोकं फिरलंय, असं मी घरी सांगत असे. खरं तर मला त्या दाराची भीती वाटायची.

सगुणाकाकू, त्याची बायको, माझ्याहून कडक. "माज्या बरण्यांमागं मसण आणलंय ह्यांनी," म्हणायची. पण रडत आलेल्यांना पाण्याचा तांब्या तीच द्यायची, पदर पुढे ओढून, उंबऱ्याच्या आतूनच.

माघात तिलाच गाठ आली. तिसऱ्या दिवशी ती गेली. मी खडू घेऊन गेलो, तर तात्या म्हणाला, "राहू द्या, मास्तर. ही मला सापडंल."

दहाव्याला खोपोलीहून तिचा भाऊ आला. त्याने रस्त्याकडचं दार उघडलं. सहा मडकी होती, सगळ्यांवर माझं अक्षर. बहिणीचं नव्हतं. आम्ही आत गेलो. स्वयंपाकघरातलं दार उघडंच होतं, आणि आंब्याच्या नि लिंबाच्या बरणीमधे जागा करून ते मडकं ठेवलेलं होतं.

"दाजी, घरात?" भाऊ पांढराफटक पडला. "अवो, तिला गती कशी मिळायची?"

"भायेर समदी परकी माणसं हायती," तात्या म्हणाला. "ती कवा परक्यांत बसली नाय."

 

अस्थी सोडायला नदीवर भटजी नाइलाजाने आले होते. दर्भ हातात घेऊन त्यांनी आधी तेच विचारलं, "अस्थी बाहेरच होत्या ना?"

भावाने मान खाली घातली. तात्याने मडकं छातीशी आणखी घट्ट धरलं.

"बाहेरच," मी म्हणालो. "मी रोज पाहत होतो."