खडकेवाडीच्या पुलाची साक्ष

त्या जिल्ह्यात सरकारी कामाची निविदा भरायची, तर ठेकेदाराने आधी बांधलेलं एखादं काम स्वतः कार्यालयात येऊन साक्ष देत असे. शाळेच्या खोल्या येत, गटारं येत. एकदा पाण्याची टाकी भरलेलीच आली आणि जिन्याचं फार नुकसान झालं. तेव्हापासून ‘रिकामे यावे’ अशी सूचना दारावर लावलेली आहे.

लहान ठेकेदारांची या साक्षीसाठी तयारी करून घेण्याचं काम कुसुमताई भोकरे करत. बांधकाम खात्यात तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेल्या या बाई कागदाच्या बाबतीत ब्रह्मदेवाचंही ऐकत नसत. त्यांच्याकडे रंगनाथ धोत्रे आला, तो आपल्याच गावच्या शाळेच्या दोन खोल्यांची निविदा घेऊन. वीस वर्षं त्याने पोटठेकेदारी केली होती, म्हणजे राबायचं याने आणि दगडी पाटीवर नाव दुसऱ्याचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. फक्त नागोबाची फाइल चोख असते. मरण्याआधी एक तरी काम आपल्या नावावर व्हावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

साक्षीला खडकेवाडीच्या ओढ्यावरचा नळकांडी पूल यायला तयार झाला. ग्रामपंचायतीने त्याला एका दिवसाची रजा दिली. तेवढा दिवस लोक चपला हातात घेऊन ओढा ओलांडणार होते.

पूल लाजाळू होता. ताईंनी आठवडाभर आधी ओढ्यावर जाऊन त्याची तयारी करून घेतली. विचारलं तेवढंच बोलायचं, सिमेंटचा विषय काढायचा नाही, आणि प्रत्येक उत्तर कागदाला धरून द्यायचं. पूल हुशार निघाला. लांबी, रुंदी, नळ्यांचा व्यास, सगळं त्याला तोंडपाठ झालं. ताईंनी त्याच्या कठड्यावर थाप मारली.

सुनावणीला दौलतशेठही आले होते. शाळेच्या खोल्या त्यांनाही हव्या होत्या, आणि पुलावरची पाटी त्यांच्याच नावाची होती. अभियंतासाहेबांनी पुलाला आत घेतलं, चहा विचारला आणि नियमातला एकमेव प्रश्न केला.

“तुला बांधलं कुणी?”

पूल ताठ उभा राहिला. “पाटीप्रमाणे, दौलतशेठ यांनी.”

कुसुमताईंच्या पायाखालची जमीन सरकली. हे उत्तर त्यांनीच शिकवलं होतं. चूक माझी आहे, प्रश्न पुन्हा विचारा, असं त्या साहेबांना म्हणाल्या. साहेबांनी सौम्यपणे सांगितलं की एकाच पुलाला एकच प्रश्न दोनदा विचारायची तरतूद नाही. त्यांनी फाइल बांधायला घेतली.

खुर्चीचा हात धरून रंगनाथ हळूहळू उठला.

“अण्णा,” पूल म्हणाला, “गुडघा कसा आहे?”

“बरा आहे. थंडीत ठणकतो.”

“त्या दिवशी तिसरी नळी तुमच्यावर घसरली. मला तिला धरता आलं नाही.”

मग साहेबांनी विचारलं, हे कशात बसतं? कुसुमताईंनी नियमावली उघडली. न विचारता केलेलं निवेदन ग्राह्य असतं, असं कलम तिथे होतं. तीस वर्षांत त्याची गरज पडली नव्हती.

साहेबांनी दोन्ही अर्जदारांना गुडघे दाखवायला सांगितलं. दौलतशेठचे गुडघे गुबगुबीत आणि निर्मळ होते. रंगनाथच्या गुडघ्यावरच्या व्रणाला टेप लावली. नऊ सेंटिमीटर, किंचित वाकडा. नळीची कड त्याच्याशी लावून पाहिली, ती बसली. मोजमाप वहीत नोंद झाली. असल्या शेकडो वह्या कुसुमताईंनी आयुष्यभर कोरड्या डोळ्यांनी हाताळल्या होत्या. ही मात्र त्यांना धड वाचता येईना.

पात्रतेच्या दाखल्यावर ‘ठेकेदाराचे नाव’ या रकान्यात साहेबांच्या सांगण्यावरून कुसुमताईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: रंगनाथ सोपान धोत्रे. दौलतशेठनी हरकत नोंदवून पोच घेतली.

परतताना पूल रंगनाथच्या चालीने चालला, त्यामुळे खडकेवाडीला पोचायला तासभर उशीर झाला. ओढ्याच्या दोन्ही काठांवर माणसं खोळंबली होती. पूल आपल्या जागी बसला, माणसं पार झाली. त्या एका तासाची रजा ग्रामपंचायतीने मांडली नाही.