कपाटातली पाचवी ओळ

‘निजली दाराची कडी, निजला उंबरा,
निजला खुंटीवरचा बाबांचा सदरा...’

पन्नासेक वर्षं उलटली, तरी तो आवाज स्टोअरकीपरच्या कानात जिथल्या तिथे होता. आई-बाबा दोघंही दुसऱ्या पाळीला जायचे, दाराला आतून कडी लागायची, आणि दहा वर्षांची ताई चार वर्षांच्या भावाला थोपटत घरातली एकेक वस्तू निजवायची. आधी कडी, मग उंबरा, मग सदरा, बादली, वारा, वाटा. सगळं निजवून झालं की ती विचारायची, ‘सगळे निजले, आता जागं कोण?’ त्याचं उत्तर शेवटच्या ओळीत असणार हे त्याला कळायचं, पण ती ओळ काही त्यानं ऐकली नव्हती. तिथवर पोचायच्या आत डोळा लागायचा.

पुढे ताईचा आवाज साऱ्या गावाच्या ओळखीचा झाला. बसस्थानकावर कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल, हे एकोणतीस वर्षं तीच सांगत होती. आणि आता त्याच आवाजाच्या वाटेत, घशात, वाटाण्याएवढी गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले, गाठ बहुतेक निरुपद्रवी असेल, पण काढावी लागेल. आणि काढल्यावर आवाज पूर्वीचा राहील असं सांगता येणार नाही. ऑपरेशनला पंचवीस दिवस होते.

“ताई, ते गाणं मी रेकॉर्ड करून ठेवणार,” स्टोअरकीपर म्हणाला. “अगदी नीट. शेवटच्या ओळीसकट.”

“कर की,” ती म्हणाली. “पण लवकर कर, छोट्या.” भाऊ त्रेपन्न वर्षांचा होता, टक्कल पडलं होतं, तरी तिच्या लेखी तो छोट्याच.

लवकर हा शब्द मात्र त्याच्या कोठारात नव्हता. पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात तो नोकरीला लागला, त्या पहिल्याच वर्षी त्यानं घाईनं एक व्हॉल्व्ह मागवला होता. त्याचे आटे उलटे निघाले आणि पंपघरात गुडघाभर पाणी साचलं. साहेब विजार दुमडून त्यात उभे राहिले होते, आणि एक शब्दही बोलले नव्हते. ते न बोलणं त्याच्या मनात घर करून बसलं. तेव्हापासून साधा वॉशर घ्यायचा तरी तो तीन ठिकाणची दरपत्रकं मागवी, तुलनात्मक तक्ता करी, आणि तक्त्याखाली सही करण्याआधी पेलाभर पाणी पिई.

गाणं नीट रेकॉर्ड करायचं तर कॉम्प्युटरवर त्यासाठीचं सॉफ्टवेअर लागतं, त्याला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात, हे त्याला वरच्या मजल्यावरच्या कीबोर्डवाल्यानं सांगितलं. हा शेजारी समारंभांत कीबोर्ड वाजवायचा. कुठलं घ्यावं, असं विचारल्यावर तो म्हणाला, “काका, ज्यात तुमचा हात बसेल ते. सगळ्यांत आवाज सारखाच येतो.”

इतकं साधं उत्तर ऐकून स्टोअरकीपर घाबरला. सगळे व्हॉल्व्हही वरून सारखेच दिसतात. त्यानं कागद पुढे ओढला आणि रकाने आखले. किती ट्रॅक, किती दिवसांची चाचणी, अक्षरं किती बारीक, लॅपटॉप किती तापतो. पहिल्या आठवड्यात रकाने अकरा होते, दुसऱ्यात सतरा झाले. लॅपटॉपवर पाच सॉफ्टवेअर उतरली. नावं जिभेवर बसेनात, म्हणून रंगांवरून ओळख ठरली: निळं, करडं, नारिंगी, हिरवं आणि काळं.

“अहो, मुलगी बघायला गेलात तेव्हा एका चहात होकार दिला होतात,” बायको म्हणाली. “तेव्हा कुठे गेला होता तक्ता?”

“तेव्हा मला कळत नव्हतं,” तो म्हणाला, आणि पुढचे दोन दिवस त्याला चहा स्वतःच करून प्यावा लागला.

चाचणी घ्यायची तर आवाज हवा. ताई कामावरून सुटली की पर्स सांभाळत यायची आणि खुर्चीवर बसायची. “नुसती एक ओळ म्हण,” तो सांगायचा, “खरं रेकॉर्डिंग नंतर.” तीच ती ओळ पुन्हा म्हणायचा ताईला कंटाळा, एकदा सोडलेली गाडी ती पुन्हा फलाटावर बोलावत नसे. म्हणून प्रत्येक खेपेला ती गाण्यातली पुढची ओळ म्हणायची.

निळ्यात तिला हेडफोनमधून स्वतःचा आवाज क्षणभर उशिरा ऐकू येऊ लागला. ती अडखळली. “अरे, माझ्याच मागून मी येतेय,” ती म्हणाली. तक्त्यात फुली पडली. करड्यात तिनं दुसरी ओळ म्हटली, ‘निजली बादली कोपऱ्यात, निजलं तिच्यात पाणी, निजली ओठांमागे आईची गाऱ्हाणी,’ आणि गाऱ्हाण्यांवर नेमकी कुकरची शिट्टी झाली. दोष कुकरचा होता, पण फुली करड्याला मिळाली. नारिंगीला ताल मोजणारी टिकटिक होती, ती काही केल्या बंद होईना. ‘निजला वारा फांदीवर, निजली त्याची शीळ, निजला एकदाचा सुंभाचाही पीळ.’ टिक, टिक, टिक.

“घड्याळाची ओळ पुढे आहे रे,” ताई म्हणाली. “तू आत्ताच कशाला आणलंस ते?”

हिरव्यात सगळं जमलं होतं. ‘निजली भिंतीवरली टिकटिक, निजला तिचा काटा, निजल्या दमूनभागून चालणाऱ्या वाटा.’ पण वाटा निजता निजता बायकोनं आतून विचारलं, टाकीचा नळ बंद केलात का? ते प्रश्नचिन्हासकट आत गेलं.

या साऱ्यात वीस दिवस गेले. ताईचा आवाज कडेनं झिजत चालला होता, जुन्या चादरीच्या काठासारखा. ते त्याला ऐकू येत नव्हतं असं नाही. उलट, ऐकू येई तसतसा तो रकाने वाढवी.

शेवटी कीबोर्डवाल्याला दया आली. तो म्हणाला, बाहेरचे आवाज नको असतील तर ताईंना कपड्यांच्या कपाटात बसवा, कपडे आवाज पिऊन टाकतात. ऑपरेशनला पाच दिवस असताना ताई बायकोच्या कपाटात स्टुलावर बसली. डोक्यावर कोट लोंबत होते, मांडीवर माइक होता, आणि गुडघ्यांशी हिवाळी पांघरुणं.

“दार लावू?” त्यानं विचारलं.

“लाव. फलाटावरचं केबिन याहून लहान आहे.”

आता उरलं होतं काळं. हेडफोनमधून मघाशी कानठळ्या बसवणारी किंकाळी आली होती, म्हणून त्यानं तो काढून ठेवला आणि पडद्यावरच्या हिरव्या पट्टीवर डोळे लावले. आवाज वाढला की पट्टी वर चढते. लाल झाली की रेकॉर्डिंग फुकट. कपाटाचं दार जाड होतं. आतलं काही ऐकू येत नव्हतं, पण पट्टी हलत होती. ती हलली, थांबली. पुन्हा हलली, या वेळी अगदी हळू, खालच्या खाली. मग बराच वेळ काहीच नाही.

त्यानं दार उघडलं. ताई कोटांच्या आडून त्याच्याकडे पाहत होती.

“लेव्हल एकदम छान आली,” तो म्हणाला. “एकदाही लाल झाली नाही.”

केसांत अडकलेला हँगर सोडवून ती उठली, पर्स घेतली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी तिला एक शब्दही बोलायला मनाई केली होती.

शेवटची ओळ एकदाची हाती आली होती. त्यानं तक्त्यात काळ्यापुढे बरोबरची खूण केली, पाणी प्याला, आणि सेव्ह दाबलं. पडद्यावर पाटी आली: चाचणी-प्रतीत काम साठवून ठेवता येत नाही.

हा रकाना त्यानं आखलाच नव्हता.

पंपघरातलं पाणी पुन्हा गुडघ्यापर्यंत चढल्यासारखं झालं. मग मात्र त्यानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. एकही दरपत्रक न मागवता, बायकोलाही न विचारता, जागच्या जागी परवाना विकत घेतला. दुसरी पाटी आली: खरेदीबद्दल आभार. परवाना लागू होण्यासाठी कृपया प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा.

बंद केला तर ओळ जाणार. न केला तर परवाना लागणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि त्याच्या हातात पोहरा. तो लॅपटॉप तसाच उघडा, दोन्ही हातांवर, तान्ह्या मुलासारखा घेऊन जिना चढू लागला. कीबोर्डवाला काहीतरी करील. लॅपटॉप जुना होता, त्याची बॅटरी केव्हाची मरणपंथाला लागली होती, आणि भिंतीतली वायर निघाल्यावर तो किती वेळ तग धरतो याचाही रकाना नव्हता. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर पडदा काळा झाला.

कीबोर्डवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हळहळला. “काका, तिथल्या तिथे वाजवून मोबाइलवर घ्यायचं होतं. मिनिटाचं काम.”

स्टोअरकीपर पायरीवर बसला, तो बायको शोधत येईपर्यंत बसूनच राहिला.

ताईला त्यानं सांगितलं नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो भेटायला गेला, तेव्हा तिनं वहीवर लिहिलं, ‘गाणं झालं का?’ त्यानं वही ओढून खाली लिहिलं, ‘हो.’ तिनं भुवया उंचावल्या आणि लिहिलं, ‘तुला बोलायला बंदी नाहीये.’ पण खोटं तोंडानं बोलवलं नसतं, म्हणूनच त्यानं ते लिहून भागवलं होतं.

गाठ निरुपद्रवी निघाली. तीन आठवडे मौन सांगितलं. त्या तीन आठवड्यांत त्यानं कीबोर्डवाल्याच्या मदतीनं उरलेल्या चार ओळी चार रंगांतून काढल्या आणि निळ्यात एकामागे एक लावल्या. तक्त्यात पहिली फुली निळ्यालाच होती, पण हात बसला होता त्यातच. कुकरची शिट्टी राहिली. टिकटिक राहिली. नळाचा प्रश्नही राहिला. घर निजत होतं ते अशा सगळ्या गडबडीत.

मौन सुटलं त्या संध्याकाळी ताई आली. बायकोनं तिला गरम पाणी दिलं आणि दोघांना बसू दिलं. त्यानं गाणं लावलं. ताई डोळे मिटून ऐकत होती. शिट्टीला हसली, नळाला हसली. वाटा निजल्या, आणि पुढे काहीच आलं नाही. लॅपटॉपचा पंखा तेवढा फिरत राहिला.

“ताई,” तो पायांकडे बघत म्हणाला, “पाचवी ओळ माझ्या हातून गेली. कपाटातली. साठवलीच गेली नाही. मी तुला खोटं लिहिलं.”

ताईनं पाण्याचा घोट घेतला. मग ती बोलली. आवाज नवा होता. जाडाभरडा, कमी उंचीचा, पहिल्यांदाच घराबाहेर पडल्यासारखा.

“गेलं नाही काही. पाचवी ओळ नव्हतीच कधी.”

“म्हणजे?”

“मी गाणं जुळवत जायचे. ‘जागं कोण’ इथवर आलं की तू घोरायला लागायचास. मग पुढचं कशाला जुळवू? आणि जागी कोण, ते मला ठाऊक होतं. मीच. आई येईपर्यंत कडीकडे बघत.”

“मग त्या दिवशी कपाटात काय म्हणालीस? पट्टी तर हलत होती.”

ताईनं पेला खाली ठेवला.

“म्हटलं, ‘आता जागं कोण?’ म्हटलं, ‘जागी मी. आणि मला भीती वाटतेय रे, छोट्या. तेव्हाही वाटायची.’ वाटलं, अंधार आहे, कोट आहेत, सांगून टाकावं. तू दार उघडलंस आणि म्हणालास, लेव्हल छान आली.”

तो लाल झाला. थेट शेंड्यापर्यंत. त्यानं लॅपटॉपचं झाकण मिटलं. सतरा रकान्यांत हे कुठेच नव्हतं.

“मलाही भीती वाटत होती, ताई,” तो म्हणाला. “रेकॉर्डिंग झालं असतं, तर आवाज जाणार हे कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून तर तक्ता करत बसलो.”

“ते ठाऊक आहे मला,” ताई नव्या आवाजात म्हणाली. “सतरा रकाने काय कुणी गाण्यासाठी आखतं?”