डिग्रीला लावलेलं कुंकू

देवदत्तनं आठ दिवस आईशी अबोला धरला होता, आणि तोही बोटभर कुंकवापायी. पोळ्या मात्र तिच्याच हातच्या लागत. ‘आई, वाढ’ म्हणायला तोंड नाही, ताट तेवढं पुढे सरकवायचं. गोदाक्कांनी असली मिजास नवऱ्याची चालवून घेतली नव्हती, मुलाची कुठली घेणार!

झालं होतं असं. देवदत्त फ्रान्सात एमबीए करून बायकोच्या, सुमेधाच्या, नोकरीमागे अमेरिकेत, नोव्हाय गावी आला. इथलं एमबीए दोन वर्षांचं, त्यामुळे अकरा महिने मुलाखतीत जो तो विचारी, “एकाच वर्षाचं? मग दुसरं वर्ष कुठंय?” जणू यानं ते वाटेत सांडलं! शेवटी गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीतल्या लिंडाबाई नोकरी द्यायला तयार झाल्या. पण डिग्रीचा अस्सल कागद तपासणीच्या ऑफिसला धाडायचा, आणि ती इथल्या डिग्रीच्या तोडीची आहे असं पत्र दोन आठवड्यांत आणायचं.

एवढ्या मोलाचा कागद घराबाहेर पडणार, तो कोरडाच कसा पाठवायचा? नव्या गाडीला लावतात, वहीला लावतात. पाकीट बंद व्हायच्या आत गोदाक्कांनी कागदाला हळदीकुंकू वाहिलं. कुंकू ओलं होतं. घडीत दाबलं गेलं आणि पसरलं, ते नेमकं कॉलेजच्या शिक्क्यावर.

चौथ्या दिवशी कागद परत. कागदात फेरफार केल्याचा संशय!

“आई, काय केलंस हे?”

“शकुन केला.”

“त्यांना फोर्जरी वाटतेय! मी खोटा कागद बनवलाय असं!”

“कुंकू लावून कोण चोरी करतं रे?”

“कॉलेजला फोन कर ना, दुसरी कॉपी मागव,” सुमेधा म्हणाली. केला. तिकडून एक यंत्र फ्रेंचमध्ये बोललं: ऑगस्टभर कॉलेज बंद.

“मास्तर सुट्टीवर गेले, समजलं. फोन उचलणाराही गेला?” गोदाक्का कडाडल्या. “असल्या ठिकाणी शिकलास होय?”

अबोला सुरू झाला तो तिथून.

मुदतीच्या शुक्रवारी देवदत्त मान खाली घालून लिंडाबाईंकडे सगळं कबूल करायला गेला. संध्याकाळी आला तो नोकरी घेऊन, पण चेहरा उतरलेला.

“सुमेधा, हिला सांग, नोकरी मिळाली.”

“मग तोंड का असं पाडलंयस?” गोदाक्कांनी थेट विचारलं.

“सुमेधा, सांग हिला, लिंडा म्हणाली, डोन्ट वरी. एमबीए त्यांनी धरलंच नव्हतं. भोसरीच्या कारखान्यातली माझी चार वर्षं बघून घेतलंय.”

“अरे, मग ते पत्र कशाला मागितलं?” सुमेधानं विचारलं.

“फॉर्मवर रकाना होता म्हणून.”

तव्यावरची पोळी करपली, तरी गोदाक्का हलल्या नाहीत. आपल्या लेकाची डिग्री, आणि धरलीच नाही? आधी त्यांनी लिंडाबाईंच्या सात पिढ्या काढल्या, रकाने छापणाऱ्याच्याही काढल्या. मग कालथा रोखून त्या मुलाकडे वळल्या.

“आणि तू रे! या अख्ख्या अमेरिकेत तुझ्या डिग्रीला मान दिला तो एका बाईनं. आणि तिच्याशीच तू आठ दिवस बोलत नव्हतास!”