अडीच वितींचं कॅबिनेट

“रंगीत लाईट न्हाईत तर मग गेमिंग कसला वो, वयनी?” शिल्पाच्या मोबाईलवरची यादी वाचून प्रशांतने कपाळाला हात लावला.

“लाईट बघायची असली तर गणपतीच्या मंडपात जाईन की मी,” शिल्पा म्हणाली. कडेवरच्या आठ महिन्यांच्या गुणाने तेवढ्यात मोबाईल चाटला आणि यादीत एकाचे दोन प्रोसेसर झाले. शिल्पाने पदराने लाळ पुसली आणि दोनाचा पुन्हा एक केला.

रामनगरच्या त्या घरात दोन महिने हेच चालले होते. शिल्पाला एकेक भाग स्वतः निवडून, स्वतःच्या हाताने जोडलेला कॉम्प्युटर हवा होता. कशासाठी, हेही तिने लपवले नव्हते. खेळायला. बेळगावला कॉलेजात असताना ती मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती लावायची आणि वर्गातल्या मुलांना रडवायची. आता गुणा दुपारी एक ते तीन झोपते, ते दोन तास माझे, असे तिने जाहीर करून टाकले होते. नवरा विनायक गोव्यात नोकरीला. त्याने फोनवर “आईला विचार,” एवढे म्हणून अंग काढून घेतले होते.

आईचे, म्हणजे सावित्रीबाईंचे, मत ठरलेले होते. “पोरीची आई झालीस. आता कसलं खेळतीस?”

“तुमी दुपारी टीव्हीवर बायकांची भांडणं बघताय न्हवं, आत्ती? मी गाडी पळवीन.”

“ती बघून मला चार गोष्टी कळत्यात.”

“व्हय, तेच म्हणालोय. कळत्यात आणि मग मला ऐकवताय.”

धाकटा दीर प्रशांत गणेशगुडीला पर्यटकांना होडीतून काळी नदी दाखवायचा. त्याच्याकडे बेळगावच्या दुकानातून आणलेला तयार कॉम्प्युटर होता आणि त्यात मोराला लाज वाटेल असे लाईट होते. त्याने पैज लावली. “नागपंचमीपर्यंत चालू झाला न्हाई तर तुमचं ग्राफिक कार्ड माझ्या मशीनीत बसणार. कबूल?”

“कबूल. आणि चालू झाला तर एक ते तीन मला ह्या घरात कुणी हाक मारायची न्हाई.”

“भाकऱ्या थापून मग काय त्यो खेळ,” सावित्रीबाई म्हणाल्या. हा होकारच होता.

मग शिल्पाने प्रशांतचा प्रत्येक सल्ला नीट ऐकून घेतला आणि बरोबर उलटे केले. तो म्हणाला, महागडा मदरबोर्ड घ्या; तिने साधा घेतला आणि उरलेले सगळे ग्राफिक कार्डात घातले. तो म्हणाला, पॉवर सप्लाय काय, कुठलाही चालतो. पावसाळ्यात इथल्या विजेचा दाब कसा नाचतो हे तिने पाहिले होते; तिने त्यातल्या त्यात दणकट निवडला. एकदाच, फक्त एकदाच, तिने त्याचे ऐकले. “कॅबिनेट तरी काचेचं घ्या वयनी, आत काय हाय ते लोकांना दिसूदे.”

काचेचे कॅबिनेट बसच्या टपावरून आले. खोके हलवले तर आत खडीसाखर वाजत होती.

दुसरे यायला बारा दिवस लागणार होते आणि नागपंचमी पाचच दिवसांवर होती. प्रशांतने स्वतःच्या मशीनचे झाकण काढून कार्डासाठी जागा पुसायला घेतली. ते पाहिले आणि शिल्पाने कुंभारवाड्याला वडिलांना फोन लावला.

भिकाजी सुतार. आजूबाजूच्या वाड्यांतली निम्मी दारे त्यांच्या हातची. मोबाईलला रेंज मिळावी म्हणून ते घरामागच्या टेकडीवर छत्री धरून उभे होते.

“आप्पा, एक पेटी पायजे. लाकडी. परवाच्या बसला.”

“देतो की. परसातला फणस पाडलाय, फळ्या सुकून बसल्यात. माप सांग.”

“अठरा इंच...”

“इंच-फूट मला सांगू नगंस. किती वीत ते सांग.”

आवाज तुटत होता. शिल्पाने फुटलेल्या कॅबिनेटवर भराभर हात टेकवला. “लांबी अडीच वीत! उंची अडीच! रुंदी सव्वा! आणि मागं वारा जायला एक मोठं भोक!”

“झालं समज,” आप्पा म्हणाले आणि रेंज गेली.

शिल्पाचा हात भेंडीसारखा नाजूक. भिकाजींचा हात म्हणजे फावडे. वीत कुणाची, हे दोघांनीही एकमेकांना विचारले नाही. तिच्या जन्मापासून माहेरच्या घरात वीत एकच होती, भिकाजींची. त्यात पुन्हा बापाचे मन. लेक एवढ्या वर्षांनी काही मागतेय म्हणून त्यांनी चारी बाजूंनी चार-चार बोटे वाढवून ठेवली.

पेटीबरोबर भिकाजी स्वतः आले; ती बसमधून उतरवायला कंडक्टरसकट तिघे लागले. वाटेत जंगल खात्याच्या नाक्यावर गार्डने ती उघडायला लावली होती. भिकाजी म्हणाले, “कंप्यूटर ठेवायला हाय.” गार्डने पेटीत डोके घालून पाहिले, भिकाजींकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, “होगप्पा, होग.” म्हणजे जा बाबा, जा; वेड्याशी कोण वाद घालणार.

सावित्रीबाईंनी पेटीभोवती एक फेरी मारली. “दोन पोती भात बसंल.”

प्रशांत जमिनीवर बसून हसला. “वयनी, ह्यात कार्ड शोधायला माणूस उतरवायला लागंल!”

“उतरंन की मी,” शिल्पा म्हणाली. “आप्पानी केलेलं हाय. ह्यातच बसवणार.”

आप्पा तोंड पाडून उभे होते. “चुकलं काय गं पोरी?”

“काय चुकलं न्हाई. वारा खेळायला जागा झाली.”

खरी अडचण पुढे होती. एवढ्या पेटीत पॉवर सप्लायची वायर मदरबोर्डापर्यंत पोचेना. तिच्या हाताची एक वीत कमी पडली. शिल्पाने स्वयंपाकघरातून सासूबाईंचा बसायचा पाट आणला, पेटीत उभा केला आणि त्यावर पॉवर सप्लाय चढवला. सावित्रीबाई त्या दिवशी पोत्यावर बसून जेवल्या आणि तसे दर घासाला बोलून दाखवले. आतली गरम हवा बाहेर फेकणारे तिन्ही पंखे मागच्या भोकाशी ओळीने बसले.

नागपंचमीची सकाळ. पूजा झाली, नैवेद्याचे उंडे झाले. गुणाला आप्पांच्या मांडीवर देऊन शिल्पाने बटण दाबले. पंखे फिरले. पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबले. काळाच.

“कार्ड मी काढू का तुमी काढताय?” प्रशांत स्क्रू ड्रायव्हर घेऊनच आला होता.

“अजून दिवस हाय. लांब व्हा.”

शिल्पा पेटीत कमरेपर्यंत वाकली. प्रोसेसर ठीक. कार्ड ठीक. रॅमच्या पट्टीवर तिचे बोट थांबले. ती पट्टी तिने बसवली होती, पण कशी? झोपलेल्या गुणाला पाळण्यात ठेवावे तशी, श्वास रोखून, जाग येऊ नये म्हणून. एका बाजूची खीळ लागलीच नव्हती. शिल्पाने पदर खोचला, दोन्ही अंगठे टेकवले आणि नारळ फोडायच्या जोराने दाबले. कट्ट.

पडदा उजळला. आप्पांनी दचकून गुणाला उराशी धरले. प्रशांतने स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला आणि उंडे खायला निघून गेला.

पहिल्या दोन दुपारी सावित्रीबाईंनी शब्द पाळला, म्हणजे हाक मारली नाही. नुसती भांडी आपटली. तिसऱ्या दुपारी भांडीही वाजली नाहीत. चौथ्या दिवशी तीन वाजता शिल्पा मशीन बंद करायला उठली, तर पेटीमागून सावित्रीबाईंचा आवाज आला.

“आत्ताच कशाला बंद करालीस?”

शिल्पा वळसा घालून पेटीमागे गेली. भिंतीला दोन खिळे, त्यावर दोरी, आणि मागच्या भोकातून येणाऱ्या गरम वाऱ्यावर गुणाची सात दुपटी, चार लंगोट आणि एक टोपडे फडफडत होते. सावित्रीबाई एकेक गालाला लावून पारखत होत्या.

“आठ दिवस ऊन न्हाई. चुलीवर वाळवली तर पोरीच्या अंगाला धुराचा वास येतोय. हितं कशी भाजल्यागत वाळत्यात बघ. दोन ऱ्हायलीत. बस.”

दारात प्रशांत आला. “वयनी, जरा च्या टाक...”

“तिला हाक मारू नगंस. ती कामात हाय.”

“कामात न्हाई, आत्ती,” शिल्पा ठासून म्हणाली. “खेळालोय मी.”

“मग खेळ की! नको कोण म्हणालंय?” सावित्रीबाईंनी एक दुपटे उलटे करून भोकासमोर धरले. “फकस्त ढिल्या हातानं खेळू नगंस. तसं खेळलीस की वारं गार यायला लागतंय.”