तोरसकराचं अर्धं सूत

आमच्या साकीनाक्याच्या चाळीत बायका गॅलरी झाडताना एक तुकडा सोडून झाडायच्या. तिथे लादीवर तोरसकराच्या खडूच्या रेघा होत्या. त्या पुसणाऱ्याशी तो आठवडाभर बोलत नसे.

तोरसकर फिटर. जन्म गेला पंप दुरुस्त करण्यात. रोज सकाळी भिंतीला स्टूल टेकवून बसायचा, गुडघ्यात आखडलेला उजवा पाय मागे ओढायचा आणि टाच पोचेल तिथे रेघ मारायचा. मग पट्टी लावून ओरडायचा, "अर्धं सूत सरकली!" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्याशा कमाईला केवढा आवाज!

मी चौथी नापास, पण गुडघ्यातलं मला कळतं. हाडं झिजतात, विषय संपला. तसं त्याला सांगितलं, तर पेटलाच.

"नुसतं हाड नाय रे, पॅकिंग! डॉक्टर बोलला, सांध्याला आतून अस्तर असतं. ते परत परत सुजलं की आत वण धरतात. जाड होतं, कडक होतं. पंपाचं पॅकिंग सुकलं की शाफ्ट जाम, तसंच!"

"मग नवीन टाक."

"मिळत असतं तर आधी तुझ्या डोक्यात टाकलं असतं."

वण काही जाणार नाहीत, पण पाय हलवला नाहीस तर उरलंसुरलं पण जखडेल, असं डॉक्टरनं त्याला बजावलं होतं.

"या वयात कुस्ती खेळायचीय काय? खुर्चीत बस गप."

"मला लादीवर बसायचंय," एवढंच म्हणाला.

त्याची बायको लकव्यानं पडून होती. एकदा कॉटवरून पडली, तेव्हापासून अंथरूण खालीच. शेजारणी म्हणाल्या, गुंता होतो, केस कापून टाकू. तोरसकर त्यांच्या अंगावर धावला होता.

एक दिवस सकाळी त्याची आरोळी आली नाही. हरला बहुतेक, म्हणून डोकावलो.

बायकोचा एक खांदा भिंतीला टेकवून तो तिच्यामागे लादीवर बसला होता. डावा पाय लांब, उजवा कसाबसा दुमडलेला. तोंडात कंगवा, कपाळावर घाम. दोरी वळावी तशी वेणी घालत होता.

"ओढतंय काय गो?"

तिनं मान हलवली. नाही.

मला पाहून कंगवा काढून खेकसला, "बघतोस काय? बसलोय, पण उठता येत नाय. उचलायला ये. जरा वेळानं!"

मी बाहेर त्याच्या स्टुलावर जाऊन बसलो. रेघांवर पाय पडू दिला नाही.