गोलनार खानमने नखांचा दर चढविला त्याची हकीकत

वाचकांचे सेवेसी लिहिण्यास कारण की, इराण देशी रश्त शहरी, तेथील शमसी साल चौदाशे एक, वर्षाअखेरच्या इस्फंद मासी, रविवारी, नवरोजास पंधरा-सोळा दिवस उणे असता, गोलनार खानम नखवाली इणे आपला दर तीन लक्ष तोमानांवरून साडेचार लक्षांवर नेला. ते समयी जे जे घडले ते पदरचे काही न घालता लिहिले आहे. कोठे घातले असल्यास मिठापुरते जाणावे.

गोलनार खानम म्हणजे हाताची कुशल, मनाची मऊ आणि जिभेची त्याहून मऊ. पाच वर्षे तिणे परक्याच्या सलोनात अर्ध्या वाट्यावर चाकरी केली, आणि मग एक खोली भाड्याने घेऊन, स्वतःचे मेज मांडून स्वराज्य स्थापिले. मेजावर कानशी, ब्रश, रंगांच्या एकशे चाळीस कुप्या आणि नखांवरील जेल सुकविणारी किरणांची पेटी, ऐसा सरंजाम. परंतु जेल महागले, रंग महागले, भाडे चढले, आणि दर मात्र दोन वर्षे जागचा हलेना. ऐसेच चालल्यास नवरोजानंतर मेज गुंडाळून पुन्हा त्याच सलोनात, त्याच अर्ध्या वाट्यावर जाणे प्राप्त. या विचाराने तिला जेवण गोड लागत नसे.

अडचण ऐसी की, त्या मुलुखी दाम विचारिला असता विकणाराने प्रथम 'तुमच्यापुढं काय ते, राहू द्या' म्हणावे, आणि घेणाराने 'छे छे, सांगाच' म्हणावे, आणि दोन-तीन वेळ ऐसे जाहल्यावर मग दाम उघड व्हावा, ही अदब. सारे शहर ही अदब पाळून पुरते पैसे देई. एक तूबा खानम मात्र पहिल्याच 'राहू द्या'स मान देऊन, दाम उघड होण्यापूर्वीच, जुन्या दराच्या शंभर-शंभर हजारांच्या तीन नोटा चहाच्या बशीखाली सारून उठत.

या तूबा खानम कोण म्हणाल, तर कन्याशाळेतील सव्वीस वर्षांच्या शिस्तीच्या बाई. रोज सकाळी रांगेत मुलींची नखे तपासावी आणि वाढलेले नख दिसताच जागीच कात्री चालवावी, ऐसा त्यांचा अंमल. गोलनारची नखे त्या कात्रीने अकरा वेळा पडली होती. आता सेवेतून मोकळ्या होऊन त्याच तूबा खानम दर तीन आठवड्यांस त्याच गोलनारपुढे दहा बोटे पसरून, बदामी घाटाची, डाळिंबी रंगाची, चांगली लांब नखे करवून घेत. आणि निम्मी गिऱ्हाइके त्यांच्याच हातून शिकलेली, सबब तूबा खानम देतील तेच आपण देऊ, ऐसा सर्वांचा मनसुबा. तो एक किल्ला हाती आल्यावाचून मुलूख काबीज होणे नव्हते.

पूर्वी दोन स्वाऱ्या जाहल्या त्या वाया गेल्या. पहिल्या स्वारीत गोलनारने नवा दर फळ्यावर लिहून भिंतीस टांगिला, तो तूबा खानमनी येताच आपला कोट त्याच फळ्यावर अडकविला आणि दर कोटाखाली गडप जाहला. दुसऱ्या स्वारीत फोनवरून सर्वांस खलिता धाडिला. उत्तरी तूबा खानमकडून गुलाबाचे एक चित्र आले, मजकूर काही नाही. मग गोलनारचे अवसान गळाले आणि ती अख्तर मावशीचे मसलतीस गेली.

अख्तर मावशी तीस वर्षे बाजारी लसूण आणि पालेभाजी विकणारी. तिणे जुडी बांधता बांधता फर्मान दिले ते ऐसे:

"भाव एकदा सांगायचा आणि तोंड मिटायचं. कारण द्यायचं नाही, माफी मागायची नाही. तू लगेच 'राहू द्या' म्हणतेस, मग राहतंच ना ते."

हे बोल गोलनारने गाठीस बांधिले आणि रविवारी चार वाजता तूबा खानम दाखल जाहल्या. बाकावर शरारे नामे दुसरी जुनी विद्यार्थिनी आपल्या पाळीची वाट पाहत खुलुचे नामे गोड बिस्किट खात बसली होती, आणि तिचे दोन्ही कान मेजाकडे. कोट फळ्यावर जाऊ लागला तो गोलनारने अदबीने हाती घेऊन दाराच्या खुंटीस लाविला. मग कानस चालली, पहिला थर चढला, आणि उजवा हात साठ सेकंदांस पेटीत गेला. तो मोका साधून गोलनार बोलली:

"खानम, आजपासून साडेचार लाख."

आणि मूग गिळून बसली. आता साठ सेकंद म्हणजे काय ते, ज्याने भाव सांगून गप्प बसून पाहिले त्यासच ठाऊक. दहाव्या सेकंदास तूबा खानमनी चष्म्यावरून पाहिले. त्या नजरेने पूर्वी अख्ख्या रांगा सरळ होत. गोलनारची मान आपोआप ताठ जाहली, परंतु तोंड मिटलेले राहिले.

"वर्गात आवाज फुटत नव्हता तुझा," तूबा खानम म्हणाल्या.

शरारेच्या तोंडातील खुलुचे तेथेच थांबले.

"मी काय परकी आहे का गं?"

जीभ टाळ्यास लागली आणि 'राहू द्या' अगदी दातांपर्यंत आले, आणि गोलनारने ते गिळिले. पेटी वाजली. तूबा खानमनी हात बाहेर काढून पाहिला आणि डावा पुढे केला. पुढील सर्व थर चढले. मग डाळिंबी नखे लखलखू लागली तेव्हा तीन नोटा बशीकडे निघाल्या, आणि गोलनार बशी उचलून उभी राहिली. हा पेच पाहून तूबा खानमनी अखेरचा मारा केला.

"एकदा राहू द्या म्हणायची रीतही विसरलीस?"

"विसरले नाही, खानम. आधी कार्ड द्या, मग म्हणते."

यावर तूबा खानम हसल्या. त्या हसतात हे सव्वीस वर्षांत कोणा मुलीने पाहिले नव्हते, आणि शरारेस ठसका लागला. नोटा पर्सेत परतल्या, कार्ड बाहेर आले. गोलनारने यंत्रात साडेचार लक्ष घालून त्या मुलुखीच्या रिवाजाप्रमाणे कार्डाचा गुप्त आकडा विचारिला, आणि तूबा खानमनी रिवाजाप्रमाणे तो मोठ्याने सांगितला: तेरा चव्वेचाळीस. ते त्यांचे शमसी जन्मसाल होते, जे शाळेत आजवर कोणास कळले नव्हते. शरारेने बोटांवर वय मोजिले.

पावती निघताच गोलनार पुढे झुकून म्हणाली, "तुमच्यापुढं काय ते, राहू द्या." तीन वेळ म्हणाली आणि तिन्ही वेळ अगदी मनापासून म्हणाली.

"छे गं, घ्यायलाच हवेत," तूबा खानम म्हणाल्या आणि कोटाच्या गुंड्या लावू लागल्या.

इतक्यात शरारे मेजाशी सरकून लाडाने म्हणाली, "गोलनार जान, माझं मात्र जुन्याच दरात ना?"

गोलनारने तोंड उघडण्यापूर्वी दारातून आवाज आला.

"शरारे. उभी राहा. फळ्यावर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच."

शरारे उभी राहिली आणि तिणे वाचिले. तूबा खानम जिना उतरून गेल्या तरी ती उभीच होती, तेव्हा गोलनारने तीस बसावयास सांगितले.

येणेप्रमाणे साडेचार लक्षांचा अंमल रश्त शहरी कायम जाहला, मेज जागेवर राहिले, आणि नवरोजापर्यंत एकही पाळी रिकामी गेली नाही. हे वर्तमान खरे म्हणोन लिहिले, आणि लिहिणाराने आपला दर आगाऊ सांगून लिहिले.